सपाट बाजूची गुंडी

निफाड-दिंडोरीकडं द्राक्षाची कलमं साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात भरतात. डॉगरिजचा पेन्सिलीएवढा खुंट कात्रीनं छाटायचा, मधोमध चीर द्यायची, थॉमसनच्या दोन डोळ्यांच्या काडीला चार-पाच सेंटिमीटरची पाचर तासून चिरेत बसवायची, वरून पट्टी गुंडाळायची. डावा हात काडीत गुंतलेला, चाकू उघडायला उजवाच काय तो मोकळा. म्हणून आमच्या टोळीतल्या पोरांना थंब स्टडचा, म्हणजे अंगठ्यानं पातं उघडायच्या गुंडीचा, भारी सोस.

सोय खरीच आहे. जुन्या घडीच्या चाकूला नखाची खाच असते. तिला दोन हात लागतात, आणि सकाळी दवात बोटं ओली असली की नख निसटतं. पण गुंडी कुठं बसवलीय हे बघितल्याशिवाय मी चाकू घेत नाही. खिळीच्या फार जवळ असली तर जोर लागतो, फार पुढं असली तर अंगठा पोचत नाही.

खरी तक्रार वेगळीच. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते, दुसरी बाजू साफ सपाट. ती सपाट बाजू काडीला टेकवून एका ओढीत काप घ्यायचा. काप सरळ आला तरच काडीचा आणि खुंटाचा सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडतो. मध्ये पोकळी राहिली की काडी वाळली. सपाट बाजूला गुंडी असली तर ती काडीला अडते, पाजवताना दगडाला अडते, आणि मुठीजवळची धार कायम बोथट राहते. डावखुऱ्यांची सोय म्हणून कारखाने गुंडी दोन्हीकडं बसवतात. अहो, पण डावखुऱ्या कलमवाल्याला चाकूच उलट्या धारेचा लागतो!

अमेरिकेतल्या स्पायडर्कोनं 1981 च्या चाकूत पात्याला गोल भोक ठेवलं. वर काही येत नाही, दगड सरळ फिरतो. भोकामुळं पातं तिथं रुंद होतं, खिशात टोचतं, टोचू दे. कलमासाठी माझं मत भोकाला, नाहीतर नखाच्या खाचेलाच.

दोन गुंड्यांचा चाकू आधीच घेतला असेल, तर सपाट बाजूची गुंडी बहुतेकदा स्क्रूनं निघते. मात्र काढण्याआधी पातं पूर्ण उघडून बघा. काही चाकूंत गुंडीच मुठीला टेकून पातं थांबवते. तसं असेल तर तिला हात लावू नका. तो चाकू घरी भाजीला ठेवा.