वेस न ओलांडणारं गाव

व्हिनेगर म्हटलं की आपल्याला लोणची आठवतात, फार तर नळाच्या तोटीवर धरलेला पांढरा थर. पण इंग्लंडमधल्या एका खेड्यात मी व्हिनेगरचा असा उपयोग ऐकला, की तो काही मनातून जात नाही. गावाबाहेर माळावर एक मोठा दगड आहे. त्याला खळगे पाडलेले आहेत. त्या खळग्यांत व्हिनेगर ओतायचं आणि त्यात नाणी टाकून ठेवायची. शेजारच्या गावच्या लोकांनी यायचं, नाणी उचलायची आणि खाण्यापिण्याचं सामान ठेवून निघून जायचं. कुणी कुणाच्या जवळ यायचं नाही. व्हिनेगरमुळे पैशाला चिकटलेला रोग मरतो, अशी त्यांची समजूत!

या गावाचं नाव ईम. स्पेलिंग वाचून आपण ‘एयाम’ म्हणू, पण म्हणायचं ईम. डर्बीशरच्या डोंगराळ भागात, शेफिल्ड शहरापासून फार लांब नाही. माझी मुलगी शेफिल्डला असते, तिच्याबरोबर ऑगस्टअखेरीस गेले होते. दगडी घरं, दारात फुलझाडं, चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव क्रूस. पूर्वी इथं शिशाच्या खाणी होत्या. अगदी कॅलेंडरवरच्या चित्रासारखं गाव हो! पण घरांसमोरच्या पाट्या वाचत गेलं की पाय जड होतात. एका घरापुढे लिहिलंय, इथं थॉर्प कुटुंबातले नऊ जण राहत होते, नऊही गेले.

झालं असं, की १६६५ साली लंडनमध्ये प्लेगनं कहर केला होता. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होतं, म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या कारागिरानं ते शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या असं मानतात. सप्टेंबरात तो गेला, मग शेजारपाजारची माणसं. हिवाळ्यात जरा उतार पडला, पण उन्हाळा येताच रोग पुन्हा उसळला.

जून १६६६ मध्ये गावचे तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन यांनी गावकऱ्यांना सांगितलं, की आता कुणी वेस ओलांडायची नाही. रोग शेजारच्या गावांना द्यायचा नाही. हे पाद्री नवखे होते, लोकांचा विश्वास होता तो आधीच्या, पदावरून काढलेल्या थॉमस स्टॅन्ली यांच्यावर. दोघांनी मतभेद बाजूला ठेवले, आणि गावानं ऐकलं. प्रार्थना चर्चऐवजी उघड्यावर, घळीत व्हायला लागली. आणखी एक ठरलं. ज्याचं मेलेलं माणूस, त्यानंच ते पुरायचं.

या शेवटच्या नियमाचा अर्थ मला गावाबाहेर, राइली नावाच्या शेताशी गेल्यावर कळला. चांगला चढ आहे, माझे गुडघे बोलायला लागले! वर गवतात गोल दगडी कुंपण आणि आत थडगी. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईनं ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुलं इथं पुरली. एकटीनं. प्रेताला हात लागू नये म्हणून पायांना फडकं बांधून ओढत न्यायची, असं सांगतात. आपल्याकडे घरात मयत झालं तर निदान चार बायका जवळ येऊन बसतात, चूल बंद म्हणून शेजारून पिठलं-भात येतो. हिच्या उंबऱ्याशी कोण येणार?

पाद्रीबाईही त्याच महिन्यात गेल्या. त्यांचं नाव कॅथरीन. आपली दोन मुलं पाद्र्यांनी बंदी जाहीर होण्याआधीच बाहेर पाठवली होती. कॅथरीन मात्र नवऱ्याला सोडून गेल्या नाहीत. त्यांच्या थडग्यावर दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी फुलं वाहतात. बाईंचं मोठेपण मी नाकारत नाही. पण तुम्हीच सांगा, पाद्र्यांची मुलं सुरक्षित, आणि एलिझाबेथची सहा पोरं आत, हे कसं? मी असं म्हटल्यावर मुलगी म्हणाली, “आई, आपल्या मुलांना वाचवलंच असतंस ना तूसुद्धा?” वाचवलं असतंच. म्हणून तर विचारतेय, की मग सगळ्यांची का नाही पाठवली?

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडला, की कुलूप लावायचं आणि सारं गाव शिवारात झोपड्या घालून राहायचं. पिसवा घरात, माणसं बाहेर. ईमची माणसं मात्र त्या घरांतच राहिली. पिसवांचं कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा, दोष कुणाला द्यायचा? आसपासची गावं वाचली म्हणून ईमचं नाव झालं. पण तिथं सुमारे २६० माणसं गेली, असा आकडा सांगतात. नोव्हेंबर १६६६ ला शेवटचा मृत्यू झाला. चौदा महिने!

आम्ही गेलो तेव्हा गावात विहिरी सजवल्या होत्या. लाकडी फळ्यांवर ओली माती थापायची आणि त्यात पाकळ्या, पानं, शेवाळ दाबून चित्र काढायचं. डर्बीशरची ही जुनी रीत. आपल्या फुलांच्या रांगोळीचीच बहीण म्हणा ना! फरक एवढाच, की ही उभी असते आणि बरेच दिवस टिकते.

एलिझाबेथला प्लेग झालाच नाही. तिचा एक मुलगा आधीच शेफिल्डला काम शिकायला गेला होता. सगळं आटोपल्यावर ती घर सोडून त्याच्याकडे राहायला गेली.