ठिणगी न पाडणारी कात्री

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी नवी मुंबईची टीटीसी औद्योगिक वसाहत पसरली आहे. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे ही नावं बाहेरच्या माणसाला रेल्वेच्या पाट्यांवरून नाहीतर बसच्या फलकांवरून माहीत असतात. माझी रोजीरोटी याच पट्ट्यात आहे. आमचं काम पत्र्याचं. एसीचे डक्ट, गरम पाइपांवरचं क्लॅडिंग, शेडच्या कडांचे तुकडे, पावसाळ्याआधीच्या पन्हाळी. या कामात आता मोठी यंत्रं आली आहेत. पण साइटवर निघताना पिशवीत सगळ्यात आधी जाते ती पत्रा कापायची कात्री. ती नसेल तर मी साइटवर जाऊन काही उपयोग नाही.

आयटीआयचा शीट मेटलचा एक वर्षाचा ट्रेड करून मी या लाइनीत आलो. ठाणे-वाशी लोकल 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाली, त्या सुमाराची ही गोष्ट. त्याआधी ठाण्याहून इकडे येणाऱ्याला बसशिवाय पर्याय नव्हता. आता तुर्भ्याला उतरून चालत कारखाना गाठता येऊ लागला. ज्या शेडमध्ये मला कामावर घेतलं तिथे एक वयस्क मिस्त्री होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात सरळ पात्याची जड कात्री दिली आणि डक्टच्या उरलेल्या पत्र्याचं कात्रण पुढे टाकलं. स्क्राइबरने त्यावर एक रेघ मारली आणि म्हणाले, "रेघ कापायची नाही. रेघेच्या कडेने जायचं. कापून झाल्यावर रेघ तुकड्यावर दिसली पाहिजे."

दुसरा धडा कात्रीचं तोंड पूर्ण बंद न करण्याचा होता. पत्रा कापताना कात्रीची टोकं एकमेकांना भिडू द्यायची नाहीत. पातं पाऊण मिटलं की थांबायचं, कात्री उघडायची, पत्रा पुन्हा पात्याच्या घशापर्यंत सरकवायचा आणि पुढचा काप घ्यायचा. टोकं पूर्ण मिटली की त्या ठिकाणी पत्र्याच्या कडेला बारीक खाच पडते आणि दातरा उभा राहतो. बोट फिरवलं की तोच बोट फाडतो. नीट कापलेली कड लांबून पाहिली तर एका दमात कापल्यासारखी दिसते. ते म्हणायचे, "टोकाने चावू नकोस, घशाने खा."

घशाने खाण्यामागे तरफेचं गणित आहे. कात्रीचा बोल्ट हा टेकू. पत्रा टेकूच्या जितका जवळ, तितका हाताचा जोर वाढून पात्यावर उतरतो. टोकाशी पत्रा धरून कितीही दाबलं तरी पाती नुसती एकमेकांपासून फाकतात आणि पत्रा मधे दुमडून अडकतो. पत्रा खरं तर सुरीसारखा चिरला जात नाही. दोन पाती एकमेकांना घासून जातात, वरचं पातं पत्र्याला खाली ढकलतं, खालचं वर रेटतं. धातू आधी थोडा दबतो आणि मग तुटतो. कापलेली कड भिंगाखाली पाहिली तर तिच्यावर दोन पट्टे दिसतात, एक चकचकीत आणि एक खरबरीत. चकचकीत पट्टा पातं शिरल्याचा, खरबरीत पट्टा धातू तुटल्याचा. पात्यांत फट पडली की चकचकीत पट्टा आकसतो आणि कड दुमडू लागते. तेव्हा धार लावायच्या आधी बोल्ट आवळून पाहायचा. निम्म्या वेळा दोष धारेचा नसतो, बोल्ट सैल झालेला असतो.

पत्र्याची जाडी आमच्याकडे गेजमध्ये मोजतात आणि नव्या मुलाला पहिले काही दिवस ती उलटी वाटते, कारण आकडा मोठा तितका पत्रा पातळ. डक्टच्या जीआय पत्र्यात 24 गेज म्हणजे साधारण 0.63 मिलिमीटर, 22 गेज म्हणजे 0.8, 18 गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या घरात. हातातल्या कात्रीचं काम साध्या लोखंडी पत्र्यात 18 गेजपर्यंत. स्टेनलेस स्टील असेल तर 22 गेजलाच थांबायचं, कारण ते जास्त चिवट असतं आणि दाबाखाली आणखी कडक होत जातं. त्यापुढे जाड पत्रा आला की टेबलाला बसवलेलं लांब दांड्याचं शिअर घ्यायचं. जुने मिस्त्री मोठ्या कात्रीचा एक दांडा लाकडाच्या ओंडक्यात रोवून दुसऱ्या दांड्यावर अंगाचा भार टाकत. तत्त्व तेच, दांडा लांब केला की जोर वाढतो.

पुढे माझ्या हातात एव्हिएशन स्निप आली. विमानाच्या कारखान्यांत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापण्यासाठी अमेरिकेत ही कात्री घडली, म्हणून तिला ते नाव. तिच्यात एकाऐवजी दोन तरफा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे लहान मुठीतूनही मोठा जोर निघतो. पात्यांवर बारीक दाते असतात, ते पत्रा मागे निसटू देत नाहीत. हिचे दांडे तीन रंगांत येतात. पिवळा सरळ कापायला, लाल डावीकडे वळायला, हिरवा उजवीकडे. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी हे न्हावा-शेवाच्या जहाजांवरून सांगतो. ते बंदर इथून जवळ, आणि उरण-उलव्याकडच्या मुलांनी रात्री जहाजं पाहिलेली असतात. जहाजाच्या डाव्या कुशीला लाल दिवा, उजव्या कुशीला हिरवा. कात्रीचंही तसंच. एकदा सांगितलं की मुलं पुन्हा विचारत नाहीत.

पण या कात्रीचा खरा मान मला कळला तो केमिकल कंपनीच्या आवारात. वर्षातून एकदा कंपनी शटडाउन घेते आणि त्या थोड्या दिवसांत पाइपांवरचं जुनं इन्सुलेशन काढून नवं घालायचं असतं. वाफेच्या पाइपाभोवती रॉकवूल गुंडाळायचं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा 22 किंवा 24 गेजचा पत्रा बसवायचा, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. आसपास सॉल्व्हंटच्या टाक्या, पंप, व्हॉल्व्ह. अशा ठिकाणी ग्राइंडर लावायचा तर हॉट वर्क परमिट लागतं. सुरक्षा अधिकारी मीटर घेऊन हवेतला गॅस तपासतो, भोवतालची गटारं ओल्या गोणपाटाने झाकतात, पाण्याचा पाइप आणि अग्निशामक घेऊन एक माणूस नुसता पाहत उभा राहतो, आणि मग काम सुरू होतं. हे असंच व्हायला हवं. एक ठिणगी काय करू शकते हे या वसाहतीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. आगीच्या बंबाचा आवाज आला की आम्ही सगळे शेडबाहेर येऊन धूर कोणत्या दिशेला आहे ते पाहतो.

कात्री ठिणगी पाडत नाही. तिचा काप थंड असतो. म्हणून क्लॅडिंगचं जवळजवळ सगळं काम हाताच्या कात्रीने होतं. पाइप जिथे वळतो तिथे पत्र्याच्या माशाच्या आकाराच्या फाका कापून एकीला एक जोडायच्या, म्हणजे वळण गोल दिसतं. प्रत्येक फाकेची आखणी सपाट पत्र्यावर करायची, दोन्ही कडांना वाकवण्यापुरता पत्रा सोडायचा, मग लाल कात्रीने एक बाजू आणि हिरवीने दुसरी. वस्तादांसोबत अशा कामावर असताना मी त्यांना पाइपाच्या वळणाला फक्त वीतभर दोरी लावून माप घेताना आणि खाली येऊन आठ फाका आखताना पाहिलं. वर नेल्यावर प्रत्येक फाक जागच्या जागी बसली. पत्रा गोल झाल्यावर कुठे किती लागेल हे तो सपाट असतानाच डोळ्यांना दिसायला लागतं, तेव्हा माणूस मिस्त्री होतो.

थंड कापाचा दुसरा फायदा उशिरा दिसतो. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पातळ पत्रा कात्रीने कापला तर उघड्या पडलेल्या कडेला दोन्ही बाजूंचं जस्त सांभाळून घेतं, म्हणून नीट कापलेली कड वर्षानुवर्षं टिकते. ग्राइंडरच्या चकतीने कापताना कडेला जी उष्णता तयार होते ती जस्ताला सोसत नाही. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं. कडेचं जस्त जळून जातं आणि लोखंड उघडं पडतं. शिवाय ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. ते कण उडून रंगीत पत्र्यावर चिकटतात, रंगात रुततात, आणि पहिल्या पावसात प्रत्येक कणाचा तांबडा ठिपका होतो. अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेल्या गॅल्व्हॅल्यूम पत्र्याचंही तेच.

एका शेडच्या छतावर मी हे स्वतः पाहिलं आहे. काम दोन टोळ्यांत वाटलेलं होतं. आमच्या बाजूचे पत्रे आम्ही कात्रीने आणि निबलरने, म्हणजे बारीक चावे घेत पत्रा कापणाऱ्या यंत्राने, कापले. पलीकडच्या टोळीने घाईत ग्राइंडर फिरवला. पत्रा एकाच गाडीतून आलेला, रंग एकच, स्क्रू एकच. काही पावसाळे गेल्यावर पन्हाळ साफ करायला पुन्हा छतावर चढलो, तेव्हा मधल्या रेघेच्या अलीकडे रंग शाबूत होता आणि पलीकडे कडा फुगून पापुद्रे सुटले होते, पत्रे तांबड्या ठिपक्यांनी भरलेले. इथे ठाण्याच्या खाडीची खारी हवा आहे, वर कारखान्यांचा धूर, आणि जून ते सप्टेंबर पाऊस. पुण्याकडच्या कोरड्या हवेत जो दोष झाकून राहील, तो नवी मुंबईत चारचौघांत उघडा पडतो. मालकाला वाटलं पत्रा खराब आला. पत्रा चांगलाच होता. कापण्याची रीत चुकली होती.

मला ग्राइंडरचा राग नाही. अँगल, चॅनल, जाड प्लेट यांना दुसरा इलाज नसतो. मोठ्या डक्ट फॅक्टरीत तर आता संगणकावर नकाशा घालतात आणि यंत्र पत्रा कापून, वाकवून, किनार घडवून बाहेर देतं. ऐरोली, रबाळे, महापे या भागांत डेटा सेंटरं उभी राहिली. आत रात्रंदिवस चालणारे सर्व्हर थंड ठेवायचे म्हणजे थंड हवा खेळवणं आलं, आणि तिथे जाणाऱ्या डक्टची मापं मी सुरुवातीला स्वप्नातही पाहिली नव्हती. पण नकाशा आणि इमारत यांच्यात फरक राहतोच. डक्ट वर चढवल्यावर कळतं की तिथून स्प्रिंकलरचा पाइप गेला आहे, किंवा बीम चार बोटं खाली आला आहे. मग शिडीवर उभं राहून, गळ्यात टॉर्च अडकवून, कात्रीने कोपरा नॉच करायचा, वाकवायचा, रिव्हेट मारायचा. पत्र्याच्या मधे भोक हवं असेल तर आधी ड्रिलने एक छिद्र पाडायचं, त्यात कात्रीचं टोक घालून गोल फिरत आखलेल्या रेघेपर्यंत जायचं. यंत्राने नव्वद टक्के काम केलं तरी उरलेलं काम शिडीवरच होतं, आणि इमारत त्याच्यावर अडून राहते.

शिडीवरच्या त्या कामासाठी कात्री चांगली ठेवावी लागते. तिने तार कापू नये, खिळा तर मुळीच नाही, कारण पात्याला पडलेला एक दात पुढच्या प्रत्येक कापावर उमटतो. धार लावायची ती फक्त उताराच्या बाजूने, दगडावर, मूळ कोन राखून. पात्याची सपाट बाजू कधी घासायची नाही, नाहीतर दोन पात्यांत कायमची फट पडते. बोल्टात तेलाचा थेंब, पात्यावर तेलाचा हात, आणि पावसाळ्यात कापडात गुंडाळून पिशवीत. हातमोजे घालायचेच. कापलेला पत्रा सुरीपेक्षा वाईट कापतो आणि त्याची जखम वाकडीतिकडी असते. लांब पट्टी कापताना ती पिळून वर येते, तेव्हा मनगट वाचवायचं. हे मी प्रत्येक नव्या मुलाला कात्री देण्याआधी सांगतो आणि त्याच्याकडून परत वदवून घेतो.

माझ्याकडे येणारी मुलं हल्ली कमी झाली आहेत. आयटीआयमध्ये शीट मेटलपेक्षा इलेक्ट्रिशियनला जास्त मागणी आहे आणि मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या मुलाला सपाट पत्र्यात गोल आकार दिसतो, त्याला या शहरात काम कमी पडणार नाही. इथे वातानुकूलित इमारती आहेत, रासायनिक कारखाने आहेत आणि गळणारी छपरंही आहेत.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. पावसाळ्याआधी घराचं, सोसायटीच्या गच्चीवरचं किंवा शेडचं पत्र्याचं काम काढाल, तेव्हा मिस्त्रीला आधी विचारा की पत्रा कशाने कापणार. कात्रीने किंवा निबलरने कापा म्हणून सांगा. वेळ थोडा जास्त लागेल, त्याची मजुरी द्या. कुठे ग्राइंडर लावावाच लागला, तर पत्रा खाली जमिनीवर, बाकीच्या पत्र्यांपासून दूर नेऊन कापायला लावा आणि कडेला जस्ताचा रंग मारून घ्या. संध्याकाळी काम संपलं की छतावरचा चुरा झाडून घ्या, ड्रिलचे बारीक छिलकेसुद्धा. एवढं केलंत तर तुमचा पत्रा खाडीच्या हवेतही टिकेल.