बूट, गिअर आणि पुसदचा रस्ता

यवतमाळहून दारव्हा, दिग्रसमार्गे पुसदला जायचे म्हणजे कपाशीच्या काळ्या रानांतून डोंगरांकडे निघायचे. पावसाळ्यात रस्ता देखणा, पण कडेची माती चिकट. म्हणून आम्ही मोटारसायकलवर जाड, घोट्यावरचे बूट घालतो. मात्र चपलेच्या मापाने बसवलेल्या गिअरच्या दांडीखाली बुटाचे टोक शिरत नाही. गिअर बदलताना नजर रस्त्यावरून पायाकडे जाते. मागे घरची माणसे बसलेली असताना तेवढा क्षणही महागात पडू शकतो.

दिग्रसच्या एका मिस्त्रींनी हे काम पाच मिनिटांत केले. बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण काढला, दातेरी शाफ्टवरून दांडी ओढली आणि एक दाता वर फिरवून बसवली. "गुरुजी, बूट घालूनच बसून पाहा," ते म्हणाले. इंजिन बंद ठेवून, गाडी मागेपुढे हलवत आम्ही सगळे गिअर आणि न्यूट्रल तपासले. थोडे दिवस चालवल्यावर बोल्ट पुन्हा आवळायलाही त्यांनी बजावले. दांडी दोन टोकांची असेल, तर पुढचे टोक उचलल्यावर मागचे खाली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

पुढे पुसदपर्यंत नजर रस्त्यावरच राहिली. डोंगर पाहायला आम्ही गाडी थांबवली.