सात घोडे, एक अंगठा

मराठी मध्यमवर्गीय माणसाला ‘ऑईल पेंट’ म्हटलं की आधी स्वैपाकघराची भिंत आठवते. वर डिस्टेंपर आणि खाली कमरेइतक्या उंचीपर्यंत ऑईल पेंट, हा आमच्या गृहसजावटीचा मूळ सिद्धान्त. फोडणी उडाली, तेलाचे हात लागले, पोरांनी पेन्सिलीने बाराखडी गिरवली, तरी ओलं फडकं मारलं की भिंत पुन्हा सोज्वळ. तसल्याच तेलाच्या रंगात लोक चित्रंही काढतात, ही गोष्ट आम्हांला जरा उशिरा कळते. त्या रंगात घालतात ते तेल जवसाचं, म्हणजे ज्याची आपण चटणी करतो त्या जवसाचं. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत सावकाश घट्ट होतं. त्याला दिवस लागतात, कधी आठवडेही लागतात. सरकारी कामासारखं म्हणणार होतो, पण तेल निदान घट्ट तरी होतं.

आणि अशा चित्रातल्या घोड्याला नुसता घोडा म्हणायचं नसतं, त्याला ‘प्रतीक’ म्हणायचं असतं, हे ज्ञान मला शीळफाट्यावर झालं.

शीळफाटा माहीत नाही असा माणूस ठाणे जिल्ह्यात सापडणं कठीण. तिथून वेळेवर सुटलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. नाव ऐकून एखाद्या कवीला वाटेल, इथे कुणी तरी शीळ घालत असेल. घालतही असेल बिचारा, पण हॉर्नपुढे ऐकू कुणाला येणार? कल्याणचा, मुंब्र्याचा, पनवेलचा आणि महाप्याचा असे सगळे रस्ते इथे एकमेकांना भेटतात आणि जुन्या मैत्रिणींसारखे निरोप घ्यायचं विसरतात. बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून इथपर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा आखलाय, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. म्हणजे शीळफाट्याहून वेगाने निघायचं तर जमिनीखालूनच, हे सरकारलाही मान्य आहे.

याच परिसरात आम्ही फ्लॅट घेतला आणि हॉलची एक भिंत रिकामी राहिली. रिकामी भिंत आमच्या सौ.ला बघवत नाही. रस्त्यालगतच्या एका फर्निचरच्या गाळ्यात आम्ही शिरलो. तिथे सोफ्यांच्या मागे एका भल्यामोठ्या चित्रात सात पांढरे घोडे पाण्यातून उधळत येत होते.

“ऑईल आहे साहेब, हॅण्डमेड,” विक्रेता म्हणाला. “आणि सिम्बॉलिक आहे.”

“कशाचं?”

“प्रगतीचं. सूर्याचे सात घोडे. फक्त पूर्वेच्या भिंतीला लावा.”

“आमच्या पूर्वेच्या भिंतीला गीझर आहे.”

“मग छोटी साईज देतो.” माणूस मुरलेला होता. “आणि घोडे घरात येताना दिसले पाहिजेत. बाहेर जाताना लावले तर पैसा बाहेर जातो.”

“आमच्याकडे तो घोड्यांशिवायही जातो,” सौ. म्हणाली.

किंमत सोसायटीच्या तीन महिन्यांच्या मेंटेनन्सइतकी होती. दारातून पाहिलं तर एक पाण्याचा टँकर आम्ही आत शिरलो तेव्हा होता तिथेच उभा होता. सात घोड्यांची प्रगती बाहेरच्या टँकरला काही लागू पडलेली दिसली नाही. आम्ही चित्र न घेता निघालो, पण ‘प्रतीक’ हा शब्द डोक्यात बसला तो बसलाच.

घोड्यांचा आणि चित्रकलेचा काही तरी ऋणानुबंध असावा. मुंबईत चित्रं बघायची तर जायचं कुठे? काळा घोड्याला. तिथला मूळचा घोडा, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. नवा, बिनस्वाराचा घोडा आला २०१७ साली. मधली बावन्न वर्षं तिथे घोडा नव्हता, नुसतं नाव होतं, आणि कुणाचं काही अडलं नाही. प्रतीक म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

२०१९ साली ऑफिसच्या कामाने फोर्टात गेलो होतो. काम लवकर संपलं. बँकेच्या माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे. तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन चालू होतं. आत गार होतं, म्हणून गेलो. कलेची सुरुवात पुष्कळदा पंख्याखालीच होते.

चित्रं बघून पहिल्यांदा गोंधळ उडाला. सपाट, मोकळ्या रंगाच्या मैदानात एक पान. त्यापासून अंतर राखून एक फळ. कुठे घड्याळ. सगळी आपापल्या जागी गप्प, सकाळच्या फास्ट लोकलमधल्या प्रवाशांसारखी. कुणी कुणाशी बोलत नाही, पण सगळे एकाच गाडीत आहेत हे जाणवत राहतं. मी शेजारच्या सुरक्षारक्षकाला हळूच विचारलं, “याचा अर्थ काय हो?”

“लांबून बघा साहेब,” तो म्हणाला. “आणि हात लावू नका.”

चित्रकलेवर याहून मोलाचा सल्ला मला अजून कुणी दिलेला नाही. मी लांब झालो, आणि तेवढ्यात चित्राच्या बाजूची पट्टी वाचली. माध्यम : कॅनव्हासवर एनॅमल. एनॅमल! म्हणजे आमच्या खिडकीच्या गजांचा रंग! डबा उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवावा लागतो, तो! ज्याला आम्ही सरसकट ‘ऑईल पेंट’ म्हणतो, त्या घरगुती रंगात या माणसाने घड्याळं आणि पानं रंगवून ठेवली होती. आमचं स्वैपाकघर कलेच्या इतकं जवळ आहे याची मला कल्पना नव्हती.

बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मले, जे. जे.त शिकले आणि मग विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. १९६१ ते १९६५ ते बनारसच्या केंद्रात होते. नोकरी करणारा माणूस म्हटल्यावर मला एकदम आपुलकी वाटली. तिथल्या मुक्कामात तंत्रविद्येतल्या आकृत्यांचा त्यांच्यावर परिणाम झाला, आणि पुढे त्या आकृत्यांची जागा रोजच्या वस्तूंनी घेतली. १९९० साली त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक आलं. १९९५ साली ते गेले. मी ते पुस्तक वाचनालयातून आणलं. सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण एक खातं जुळलं : वस्तूकडे पुरेसा वेळ बघितलं की ती आपल्या कामापुरती उरत नाही. घड्याळ वेळ सांगायचं थांबतं आणि घड्याळ व्हायला लागतं.

हे वेड एकट्या नागावचं नाही. युक्रेनमधल्या कीव्हला जन्मलेल्या काझिमिर मालेविच यांनी १९१५ साली पांढऱ्यावर तैलरंगात एक काळा चौकोन काढला आणि प्रदर्शनात तो खोलीच्या कोपऱ्यात, वर, दोन भिंतींच्या मधोमध लावला. तिकडच्या घरांत ती जागा देवाच्या तसबिरीची. म्हणजे आपल्याकडे कुणी देव्हाऱ्यात पाटी ठेवावी तसं. २०१५ साली मॉस्कोच्या संग्रहालयाने तपासणी केली, तर काळ्याखाली आधीची रंगीत चित्रं निघाली. आमच्याकडे याला ओव्हररायटिंग म्हणतात आणि बाजूला सही मागतात.

खरं म्हणजे प्रतीकांना नावं ठेवण्याचा बँकेतल्या माणसाला अधिकारच नाही. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढल्या की रोकड मिळणं बंद होतं. त्या रेघांचा अर्थ काय म्हणून कुणी चर्चासत्र भरवत नाही. २०१० साली देवनागरी ‘र’ला आणखी एक आडवी रेघ मिळून रुपयाचं चिन्ह झालं, ते आपण आठवड्याभरात पचवलं. घरी तर विचारूच नका. उंबरठ्याशी रांगोळीची दोन चिमुकली पावलं उमटली की लक्ष्मी आली. तिच्या चपलेचा नंबर आजवर कुणी विचारलेला नाही. पण चौकटीत घालून भिंतीला टांगलं की आपण सगळे तपासनीस होतो : याचा अर्थ काय?

आमच्या शाखेतही एक ऑईल पेंटिंग आहे. शाखेला नवं रूप दिलं तेव्हा ते वरून आलं. बँकेत जे जे कळत नाही ते वरूनच येतं. हिरवे-तपकिरी तुकडे आणि त्यांच्यामधून वाकड्यातिकड्या जाड रेघा. मॅनेजरसाहेबांच्या मते ते शाखांचं जाळं. कर्जविभागाच्या मते थकबाकी. कॅशियर म्हणतो, भिंतीला ओल आली होती ती झाकायला लावलंय. शिपाई गेली कित्येक वर्षं एकाच मतावर ठाम आहे : उलटं टांगलंय.

एका दुपारी जवळच्या गावातल्या एक आजी आल्या. रस्त्यासाठी जमीन गेली होती, मोबदला खात्यात जमा झाला होता. आता पैसे काढायला अंगठा मशीनवर ठेवायचा. ठेवला. मशीन म्हणालं, जुळत नाही. पुसून ठेवला, नाही. दुसऱ्या हाताचा ठेवला, नाही. जन्मभर चिखलात भाताची लावणी करून त्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. ज्या जमिनीचे पैसे घ्यायचे, तिनेच अंगठा पुसून टाकला होता.

“बाला,” आजी म्हणाल्या, “मी यं उभी हाय नं? मंग ती पेटी मना कशी वलखत नाय?”

माझ्या बी.कॉम.मध्ये याचं उत्तर नव्हतं. मी शाईचं पॅड काढलं, दोन साक्षीदार बोलावले, जुन्या पद्धतीने कागदावर अंगठा घेतला. निळा, फिकट, मध्ये मध्ये पांढरा. बाहेर नव्या गाडीत मुलगा हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात आजींचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्या उठून चित्राशी गेल्या आणि शेजारणीचा फोटो ओळखावा तशा म्हणाल्या, “यो आमचा बांध! आन यं हीर व्हती.”

आणि विहीर कुठे होती ते दाखवायला त्यांनी अंगठा टेकवला. शाईसकट.

मॅनेजरसाहेब केबिनच्या काचेतून बघत राहिले. आजी गेल्या, आणि शिपाई ओलं फडकं घेऊन धावला. ऑईल पेंटच ते, एका हातात साफ निघालं असतं.

“राहू दे,” मी म्हणालो. “जुळतोय.”