शटर खाली घ्या

चौदाव्या प्रकरणात माझ्या नायकाने भाषण ठोकलं आणि कादंबरी तिथेच मेली. तोवर बरी चालली होती. रात्र ८ नोव्हेंबर २०१६ ची. आठ वाजता पंतप्रधानांनी पाचशे-हजारच्या नोटा रद्द केल्या, बारा वाजता त्या चालायच्या बंद होणार. मधले चार तास सराफांच्या दारात झुंबड. थरारकथा लिहिणाऱ्याला घड्याळ असं आयतं मिळत नाही. जागा बेंगळुरूची नगरतपेठ, आणि नायक तिथल्या गलाईच्या दुकानातला विट्याकडचा पोरगा. कादंबरीत त्याला नाव आहे, पण आमच्या घरात तो अजून ‘पोरगा’च.

गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं. खानापूर, आटपाडी, विटा या दुष्काळी पट्ट्यातली माणसं हा धंदा घेऊन देशभर पांगली, तशी इथेही आली. त्यांच्यातला मुलगा पुढाकार घ्यायला का कचरतो, हे मला आधी कळलंच नव्हतं. मी त्याला लाजाळू केला होता. पण लाजाळूपणा तीनशे पानं पुरत नाही. खरं कारण साधं होतं. गाळलेल्या सोन्यावर मूळ मालकाचं नाव राहत नाही. चोरीचा दागिना चुकून मुशीत गेला, तर तेव्हाचं भारतीय दंड संहितेचं कलम ४११ तुमच्यावर लागायची भीती. मुलूख परका, भाषा निम्मी कळणारी. अशा वेळी ‘आपल्याला काय करायचंय’ हा भित्रेपणा नसतो, ती धंद्यातली अक्कल असते. हे उमगल्यावर त्याच्या नकाराला वजन आलं. आता तो मोडायलाही तसंच काहीतरी लागणार होतं, आणि मी वापरलं भाषण!

दोष माझ्या वाचनाचाही आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर कादंबऱ्यांतल्या हाताला लागल्या तेवढ्या शाळेत फस्त केल्या. त्यांचा झुंजार पहिल्या पानावर येतो तोच झुंजार म्हणून. आणि हे शहर तर रजनीकांतचं, म्हणजे एकेकाळी इथल्या बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या शिवाजीराव गायकवाडचं. ‘बाशा’तला (१९९५) त्याचा रिक्षावाला मार खातो, गप्प राहतो, तेव्हा सगळं थिएटर वाट बघत असतं, पण तो आधीचाच डॉन, फक्त मुखवटा उतरवतो. माझ्या पोरट्याकडे उतरवायला काहीच नव्हतं.

मग एका शनिवारी गलाईच्या एका दुकानात जाऊन बसलो. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी घालतात, साधारण एकास तीन. सोनं जास्त राहिलं तर तेजाब आत शिरतच नाही. तिथला विशीतला कारागीर हे खालमानेने सांगत होता आणि मधूनमधून मालकाकडे बघत होता, बोललेलं चालतंय ना म्हणून. तेवढ्यात बाजूचं भांडं एकदम उसळलं. तांबूस धूर. पोरगा ओरडला, “भायेर व्हा!” मी उठलो, गिऱ्हाईक उठलं, आणि मालक, त्याच्या दुप्पट वयाचा, काहीही न विचारता लुंगी सावरत बोळात आला. दोन-तीन मिनिटांनी पोरगा तोंडाला ओलं फडकं बांधून बाहेर डोकावला. “या आता.” मालक आत गेला आणि त्याच्यावर खेकसला, “च्या सांग की रं.” पोरगा निमूट चहा सांगायला गेला.

घरी येऊन चौदाव्या प्रकरणातली आठ पानं काढून टाकली. माणूस पुढारी होतो हे त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. आधी बाकीचे ऐकायला लागतात, तेही त्याला नेमकं जे येतं तेवढ्यापुरतं. म्हणून आधीच्या प्रकरणांत त्याला बारीकसारीक प्रश्न पेरत गेलो. हे कितीचं आहे रे? मागचा बोळ कुठे निघतो? शेजारचा मारवाडी विचारतो, पोलिसाचा माणूस विचारतो. तो सवयीने उत्तरं देत राहतो. हाकाही बदलल्या. ‘ए बारक्या’चं नुसतं ‘ए’ झालं. मग कोणीतरी ‘अण्णा’ म्हणालं, तर तो मागे वळून बघतो, कोणाला म्हणाले म्हणून.

आता त्या प्रकरणात त्याच्या तोंडी तीनच शब्द आहेत, “शटर खाली घ्या.” साडेअकरा वाजलेत, बाहेर दोन मोटारसायकली थांबल्यात, मालकाचा धाकटा भाऊ अजून रस्त्यावरच आहे. शटर मालक स्वतः ओढतो, भाऊ बाहेर असताना. मग काळोखात पोराकडे बघून विचारतो, “आता?”

पोराला माहीत नव्हतं. पुढचे दोन आठवडे मलाही नव्हतं.