जुनी बुलेट आणि साठीनंतरचा पाय

घरातील जुनी बुलेट विकून टाका, असे मी आपणांस सांगणार नाही. गाडी गेली की वडीलधाऱ्यांचे शेतावर जाणे थांबते आणि पाठोपाठ चार माणसांत बसणेही. परभणी-सेलू भागातील अनेक घरांत मी हे पाहिले आहे. मात्र ती पॉइंटवर ठेवू नका. पॉइंटमधील फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावी लागते. ती बदलली की टायमिंग सरकते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि किक पायावर उसळते. हाडे ठिसूळ झालेल्या वयात तेवढ्यानेही घोटा मोडू शकतो.

माझ्या गाडीला मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतले. त्यात झिजणारे पॉइंटच नसतात. डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन पुढे घेण्याची सवय मात्र मी सोडलेली नाही. सोबत 6 व्होल्टची व्यवस्था 12 व्होल्टची केली. तेवढ्याच वॅटला निम्मा प्रवाह पुरतो, जुन्या तारांत वीज कमी वाया जाते, दिवा उजळतो. (मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांची येणारी तिरीप त्याने जात नाही, तिला शस्त्रक्रियाच हवी.) बल्ब, हॉर्न, कॉइल, रेग्युलेटर हे सारे बदलावे लागते, मिस्त्री नुसती बॅटरी बदलू म्हणाला, तर दुसरा मिस्त्री शोधा.

पेसमेकर बसविलेल्यांनी चालू इंजिनवर वाकू नये. कॉइल आणि प्लगच्या तारेपासून छाती किमान एक फूट दूर ठेवावी. बॅटरीचे अ‍ॅसिड डोळ्यांत उडाले, तर आधी 20 मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि मगच दवाखाना गाठावा.