चौकीतला हिटर, गच्चीवरचा पाइप

बालाघाटात थंडी कसली, असं पाहुणे म्हणतात. त्यांनी जानेवारीत पहाटे वैनगंगेच्या पुलावर उभं राहून दाखवावं. बैहर-मुक्कीकडे तर गवतावर दव गोठतं. कान्हाचे पर्यटक नेमके त्याच दिवसांत येतात, आणि मी हिशेब लिहिते त्या लॉजला गरम पाण्यावाचून गत्यंतर नसतं.

लॉजचं वीजबिल बघून आमचे शेठ तडक पहारेकऱ्याच्या चौकीत गेले आणि रात्रपाळीच्या काकांचा हिटर उचलून गोदामात टाकला. "सगळी वीज हाच खातो!" चार पाहुण्यांसमोर. काकांनी मफलर घट्ट केला, बोलले काहीच नाहीत.

ते वाक्य मला अजून खुपतं, कारण ते हिशेबानंही खोटं होतं. काका दोनपैकी एकच दांडी लावत, 400 वॅटची. दहा तास धरले तरी 4 युनिट. आणि गच्चीवर? टाकीतलं गरम पाणी खोल्यांपर्यंत नेणारा एक इंची लोखंडी पाइप, 30 मीटर, उघडा. नळ सोडताच गरम पाणी यावं म्हणून पंप ते रात्रभर फिरवायचा. पाइपात फिरणारं पाणी 55 अंशांचं, बाहेर 10 अंश. असा पाइप मीटरमागे चाळीसेक वॅट सहज गमावतो, वारा असला तर जास्तच. म्हणजे 1200 वॅट. काकांच्या तीन दांड्यांइतकी ऊब रात्रभर आभाळात जात होती, आणि चोर ठरले काका!

मी हे कागदावर मांडून दाखवलं. शेठ म्हणाले, "पाइपाचं पुढच्या वर्षी बघू." हिटर उचलायला मात्र पाच मिनिटंही लागली नव्हती.

पुढच्या हिवाळ्याआधी पाइपावर काळ्या नायट्रील रबराचं आवरण चढलं, पंपाला टायमर लागला. लॉज, दवाखाना, मंगल कार्यालय चालवणाऱ्यांनी आधी गच्चीवर जाऊन पाइपाला हात लावून बघावा. वीज वाचवायला टाकीचं तापमान मात्र 60 अंशांच्या खाली आणू नये, कोमट पाण्यात जंतू वाढतात.

आणि खरं सांगायचं तर, ज्या चौकीचं दार धड लागत नाही तिथे हिटर लावणं ही उधळपट्टीच. तो काढायला माझीही हरकत नव्हती, पण आधी सुतार बोलवायचा. दाराखालची फट अजून तशीच आहे. शेठ म्हणतात, काकांना आता सवय झाली.